डब्यातल्या बागा बघायला आम्ही डोंबिवलीला गेलो



मुरबाड तालुक्यातल्या तीन बचत गटांच्या आम्ही सतरा जणी या फेब्रुवारीत बागा बघायला गेलो होतो. कुठल्या मोठ्या शेतावर नाही, कृषी विद्यापीठातही नाही. कल्याण, ठाणे आणि डोंबिवलीतल्या लोकांच्या घरच्या बागा. कोणाची चाळीच्या बोळात, कोणाची खिडकीच्या जाळीत, कोणाची गच्चीवर. गावात ही गोष्ट कळली तेव्हा पारावर बरंच हसू झालं. "जमीन इथं आणि बाग बघायला डोंबिवलीला? तिथं माणसाला उभं राहायला जागा नाही, झाड कुठं लावतात?" असं एका दादांनी आम्हाला एसटी स्टँडवरच विचारलं.

प्रश्न अगदीच वेडा नव्हता. म्हणून आधी त्याचं उत्तर देतो, मग बागांकडे वळू.

आमच्याकडे भाताची शेती. पाऊस संपला, भात झोडून झालं, थोडा वाल-हरभरा पेरला की शिवार रिकामं. पावसाळ्यात परसात दुधी, शिराळी, काकडी, भेंडी भरपूर येते. पण विहिरी खाली गेल्या की फेब्रुवारीपासून परस सुकायला लागतं आणि भाजी विकतची सुरू होते. आता गंमत बघा. जुन्नर-ओतूरकडची भाजी माळशेज घाट उतरून आमच्या दारावरून कल्याणच्या बाजार समितीत जाते. रात्री ते टेंपो आम्हाला अंथरुणात ऐकू येतात. आणि दोन दिवसांनी आमच्या आठवडी बाजारातला भाजीवाला कल्याणहून भाजी भरून आणतो. म्हणजे तीच भाजी शिळी होऊन, महाग होऊन, उलटी फिरून आमच्या ताटात. एक जुडी आम्ही दोन-तीन दिवस पुरवतो.

जानेवारीत गटातल्या बायांची आणि मुलींची रक्ततपासणी झाली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या, आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. हा आकडा आम्ही बैठकांत अनेकदा वाचून दाखवला आहे, आणि वाचून विसरलोही जातो. पण आमच्यातल्या एका ताईच्या पंधरा वर्षांच्या लेकीचं हिमोग्लोबिन ८.२ निघालं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. १२ असायला हवं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, वर सांगितलं की रोज हिरवी पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून, आणि जेवणावर लगेच चहा नको. ताई म्हणाल्या, "गोळ्या फुकट आहेत, त्या देते. रोजची भाजी कुठून आणू?"

या ताईंना परस नाही. वाटण्यांत परसाची बाजू मोठ्या दिरांकडे गेली. ताईंच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक पडवी, पडवीपुढे लगेच रस्ता. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या गटांत परसबागेची चर्चा चालली होती. उमेद अभियानामुळे पोषण परसबाग हा शब्द आता गावोगाव माहीत झाला आहे. गटाच्या पैशांतून बी आणि रोपं आणायची, एवढं ठरलं होतं. ती वाटायची कशी, यावर बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणत होत्या की जिची जागा जास्त तिला जास्त, कारण जागाच नसेल तर रोप घेऊन काय करणार? दुसऱ्या म्हणत होत्या की बचत सगळ्यांची सारखी, तर वाटपही माणशी सारखं. ताई स्वतः एका कोपऱ्यात गप्प बसून होत्या. तीन गटांत मिळून अशा परस नसलेल्या पाच जणी आहेत. भांडण मिटेना. तेव्हा आमच्या गटातल्या एकीच्या डोंबिवलीच्या नणंदेने सुचवलं की आमच्याकडे बिनजागेच्या बागा आहेत, एकदा येऊन बघा.

म्हणून गेलो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची बाजू गटाला झेपली. भाकऱ्या, ठेचा आणि वालाची उसळ बांधून घेतली. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नाही म्हणून प्रत्येकीने घरचं गावठी बी पुडीत बांधून घेतलं. वाल, लाल माठ, गावठी भेंडी, दुधी, राखेत ठेवलेली काकडी.

पहिली बाग कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या एका चाळीत. इथल्या वहिनी चार घरी धुणीभांडी करतात. माहेर जळगाव जिल्ह्यातलं. घर दहा बाय बाराचं. घराची भिंत आणि पुढचं गटार यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी, तिच्यातूनच येण्याजाण्याची वाट. या पट्टीत भिंतीला लागून त्यांची बाग. रंगाचे वीस लिटरचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटकी बादली, आणि फळवाल्याकडून आणलेले प्लास्टिकचे क्रेट. क्रेटला आतून सिमेंटच्या रिकाम्या गोणीचं अस्तर. सगळं विटांवर उचलून ठेवलेलं, म्हणजे गटार तुंबलं तरी ते पाणी डब्याच्या बुडाला लागत नाही.

आमच्या सतरा जणींत त्या बोळात एका वेळी चौघीच मावत होत्या. त्यामुळे वहिनींना तेच तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. पण त्या कंटाळल्या नाहीत, उलट प्रत्येक खेपेला थोडं जास्त सांगत गेल्या. शेवटच्या चौघींना सगळ्यात चांगलं ऐकायला मिळालं.

त्यांची मुख्य गोष्ट अशी. सगळे डबे एकाच दिवशी पेरायचे नाहीत. आपण परसात काय करतो? एका दिवशी सगळी मेथी टाकतो. ती एकदम येते, चार दिवस मेथीच मेथी, शेजारीपाजारी वाटायची, आणि नंतर महिनाभर काही नाही. वहिनी दर आठवड्याला एक क्रेट आणि एक डबा पेरतात. माठ, मेथी, पालक साधारण महिन्याभरात काढायला येतात. पाचवा क्रेट पेरेपर्यंत पहिला कापायला तयार. आणि माठ-पालक उपटायचाच नाही. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कात्रीने कापायचा, म्हणजे पुन्हा फुटतो. दोन-तीन कापण्या झाल्या, पानं बारीक यायला लागली की मग उपटून माती मोकळी करायची, मूठभर खत मिसळायचं, पुन्हा पेरायचं.

आमच्या ताईंनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. "वहिनी, खरं सांगा, घराला पुरते का?"

वहिनी हसल्या. "घराला कुठली पुरते ताई. आम्ही पाच माणसं. एका क्रेटात एकदाची भाजी होते, ती पण डाळ घालून. पण माझ्या पोरांच्या पोटात दोन दिवसांआड पाला जातो. तेवढ्याचा हिशोब धरा."

हे उत्तर आम्हाला फार आवडलं. बागेबद्दल बोलणारी माणसं सहसा वाढवून सांगतात. गच्चीवर अमुक किलो काढलं, बाजार बंद केला वगैरे. वहिनींनी जेवढं आहे तेवढंच सांगितलं, त्यामुळे त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोष्टींवर आमचा विश्वास बसला.

पाण्याचंही त्यांच्याकडून शिकण्यासारखं. नळ दिवसातून थोडाच वेळ येतो. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमा होतं, ते झाडांना. साबणाचं नाही. मासळी धुतलेलं पाणी मिरचीला, पण घालून झाल्यावर वर माती ओढायची, नाहीतर मांजरं डबा उकरतात. दुपारी पाणी घालायचं नाही, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. मातीवर वाळलेला पाला पसरून ठेवला की ओल टिकते. आमच्या आत्यांनी, म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी, डब्यात बोट खुपसून बघितलं आणि म्हणाल्या, "ओल आहे गं खरंच." आत्यांचं प्रमाणपत्र सहजी मिळत नाही.

एक वांग्याचं झाडही होतं. भरताचं हिरवं वांगं, बी माहेरून आणलेलं. डब्यात चारच वांगी लागली होती. ती वहिनी विकत नाहीत, कोणाला देत नाहीत. पहिल्या थंडीत भरीत करून सगळे मिळून खातात. सगळंच काही पोषणासाठी नसतं.

कल्याणहून लोकलने ठाण्याला निघालो. आमच्यातल्या सहा जणी लोकलमध्ये पहिल्यांदाच बसत होत्या. इथल्या रुळांच्या कडेने ठिकठिकाणी पालेभाजीचे वाफे दिसतात. पालक, माठ, मुळा, लांबून अगदी हिरवागार. आत्या म्हणाल्या, "बघा, यांना कसं जमतं." मग डब्यातल्या एका बाईने सांगितलं की यातल्या कित्येक वाफ्यांना नाल्याचं पाणी घालतात. रुळांकडेच्या या भाजीबद्दल वर्तमानपत्रांत कितीतरी वेळा आलं आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं, कॅडमियमसारखे जड धातू असतात. ते मुळांवाटे पानात जातात, आणि भाजी कितीही धुतली तरी आतले निघत नाहीत. पिकवणारी माणसंही आपल्यासारखीच पोटासाठी आलेली, त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. पण वहिनींनी डबे विटांवर का उचलून ठेवले होते ते आम्हाला गाडीत बसल्यावर नीट समजलं.

ठाण्यातल्या बागेबद्दल थोडक्यात सांगतो. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. त्यांची बाग खिडकीच्या बाहेरच्या लोखंडी जाळीत. बाग सुंदर होती. शेवंती, जास्वंद, गोकर्ण, तुळस, ओव्याची पानं, गवती चहा, कढीपत्ता. पण खायचं म्हणाल तर कोथिंबीर-पुदिन्यापलीकडे फार नाही, आणि कुंड्या, माती, नारळाच्या भुशाच्या विटा सगळं विकत आणलेलं. आपल्याला ते घेण्यासारखं वाटलं नाही. घेण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वजन. मातीने भरलेला वीस लिटरचा डबा ओला झाला की पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो. जाळीवर, पत्र्यावर, जुन्या पडवीच्या कठड्यावर असे डबे ओळीने ठेवायचे नाहीत. दुसरी गोष्ट डासांची. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. आजी दर रविवारी सगळ्या बशा उलट्या करतात. आपल्याकडे अंगणात पडलेल्या करवंट्या, टायर, फुटके माठ यांनाही हेच लागू, बरं का.

आजींनी आमच्याकडचं लाल माठाचं बी घेतलं आणि प्रत्येकीला ओव्याच्या पानाची एक-एक फांदी दिली. ती नुसती मातीत खोचली की जगते. मुलांच्या खोकल्याला आम्हाला तिचा उपयोग होतो.

तिसरी बाग डोंबिवली पूर्वेला, रामनगरात. इथं मात्र आम्ही अडीच तास होतो आणि तरी उठवेना. चाळीस वर्षांपूर्वीची तीन मजली इमारत. गच्चीवर काकूंची बाग. काकू सत्तरीच्या. जिना चढताना त्या पुढे आणि आम्ही मागे धापा टाकत.

"या हो, बसा आधी, पाणी घ्या," म्हणून त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं. ती सावली होती शेवग्याची. गच्चीवर शेवगा! एका मोठ्या निळ्या पिंपात लावलेला, डोक्याएवढा झाला की छाटून बुटका ठेवलेला. काकू तो शेंगांसाठी वाढवत नाहीत, पाल्यासाठी वाढवतात. आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आपण शेंगा काढतो आणि पाला शेळीला टाकतो." खरंच, आमच्या वस्तीवर घरटी एक शेवगा आहे. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, ते आम्हालाही माहीत आहे. बाकी वर्षभर मात्र लोह आणि चुन्याने भरलेला तो पाला शेळी खाते. शेळी धडधाकट आहे, यात नवल नाही.

मग काकूंनी डबा भरायची रीत दाखवली. आम्ही समजत होतो की डबा म्हणजे मातीने गच्च भरायचा. काकूंच्या डब्यात माती जेमतेम चार बोटं. बुडाला भोकं पाडून त्यावर नारळाच्या शेंड्या. त्यावर वाळका पालापाचोळा, हाताने चांगला दाबून, डबा पाऊण भरेपर्यंत. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं मिळाली तर तीही तुकडे करून. मध्ये एखादी ओंजळ शेणखत किंवा घरच्या कचऱ्याचं खत. आणि सगळ्यात वर माती व खत मिसळून चार बोटांचा थर, त्यात बी. पाला हळूहळू कुजतो, खाली बसतो, तसतसा वरून भरत राहायचा. डबा हलका राहतो, पाणी कमी लागतं, आणि कुजणारा पालाच खत होतो. पालेभाजीला वीतभर खोलीचं भांडं चालतं, मिरची-टोमॅटो-वांग्याला हातभर, वेलाला त्याहून मोठं.

ही रीत काकूंनी शोधलेली नाही, असं त्या आपण होऊन म्हणाल्या. बांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाची चिपाडं आणि घरचा कचरा वापरून फळं-भाज्या काढत, तेव्हा माणसं ते बघायला जात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः मोजून-मापून प्रयोग करायचे आणि एकमेकांना सांगायचे, अशी त्यांची पद्धत. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक काकूंच्या कपाटात होतं, पानं सुटी झालेलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग सुरू केली, तीही काकू जाऊन बघून आल्या होत्या. म्हणजे काकूसुद्धा आमच्यासारख्याच दुसऱ्याची बाग बघून शिकलेल्या. एका बाईने दुसरीची बाग बघायची ही रीत नवी नाहीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या दारात तर अजून लांबलांबून माणसं जातात.

पाला काकू कुठून आणतात? रस्ता झाडणाऱ्या ताईंकडून गोणीने मागून घेतात. दर आठवड्याला दोन गोण्या, आणि त्याबद्दल त्या ताईंना चहा. हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याकडे संध्याकाळ झाली की प्रत्येक अंगणात झाडून गोळा केलेल्या पाल्याला काडी लागते. भाताच्या रोपासाठी राब भाजतात ती गोष्ट वेगळी, तिच्यावर वाद घालायला आम्ही इथे बसलेल्या नाही. पण अंगणातला पाला जाळण्याला तर काहीच कारण नाही. सवय आहे, इतकंच. डोंबिवलीत जो चहा पाजून मिळवावा लागतो, तो आमच्याकडे धूर होऊन जातो.

ओल्या कचऱ्याचं पिंपही काकूंनी उघडून दाखवलं. आम्ही पदर नाकाला लावला, पण वास आला नाही. पहिल्या पावसानंतर रानात येतो तसा मातीचा वास. कचऱ्याचा एक थर, त्यावर वाळक्या पाल्याचा दुप्पट थर. पिंपाला चारी बाजूंनी भोकं. वास सुटला तर समजायचं की ओल जास्त झाली, पाला घालायचा आणि खालवर करायचं. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, त्या कचराच खातात. दीड-दोन महिन्यांत खत. काकू म्हणाल्या, "आधारवाडीच्या डंपिंगला आग लागायची तेव्हा कल्याणची माणसं खिडक्या बंद करून बसायची. ते डंपिंग बंद झालं, पण आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या दारात कशाला?" मावा पडला तर साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा, किंवा निंबोळी तेल. पिठ्या ढेकूण दिसला की जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढायचा. त्यांना माकडांचा आणि कोंबड्यांचा त्रास नाही, तेवढं नशीब. आम्ही आमच्या कोंबड्यांच्या तक्रारी सांगितल्या तेव्हा काकू पोट धरून हसल्या.

चहा झाल्यावर काकूंनी सांगितलं की इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. या दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं. भाड्याच्या घरात गच्ची मिळणार नाही. नवीन इमारत उभी राहायला किती वर्षं लागतील, कोण जाणे. "माझं वय बघता मी पुन्हा गच्चीवर बाग करीन असं मला वाटत नाही," असं त्या अगदी सहज, भाजी निवडता निवडता म्हणाल्या. मग उठून कोपऱ्यातले रिकामे डबे दाखवले. "हे आता भरायचे नाहीत. न्या तुम्ही. पण एक करा, यातल्या पहिल्या पिकाचं थोडं बी मला पाठवा. खिडकीत एक डबा तर मावेलच."

ताईंनी लगेच हात पुढे केला नाही. आमच्याकडे बघितलं. परस नसलेल्या बाकीच्या चौघींपैकी दोघी त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनीच सांगितलं, "आधी तुम्ही घ्या ताई, पोरीचं बघा." अकरा डबे निघाले. एकात एक घालून, ओढणीने बांधून, डोंबिवलीहून कल्याणपर्यंत शनिवार संध्याकाळच्या गर्दीत लेडीज डब्यातून ते आणले. कोणी कुरकुरलं, कोणी सरकून जागा दिली. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "रंगाचा ठेका घेतला काय?"

परत आल्यावरच्या बैठकीत वाटपाचा प्रश्न पुन्हा निघाला. या वेळी तो फार चालला नाही. ठरलं ते असं की बी माणशी सारखं. ज्यांना परस आहे त्यांनी वाफा करायचा, ज्यांना नाही त्यांना डबे आणायला गटाच्या अंतर्गत कर्जातून पाचशे रुपयांपर्यंत, व्याजाशिवाय. आणि ज्यांच्या अंगणात पाला पडतो त्यांनी तो गोणीत भरून या पाच जणींकडे पोचवायचा. याला दोघींचा विरोध होता, बिनव्याजी कर्जाला. तो वहीत तसाच लिहून ठेवला आहे.

आता ताईंच्या डब्यांचं सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिले दोन भरले. माठ तिसऱ्या आठवड्यात वर आला, महिन्याने कापला. दुसऱ्याच कापणीला कोंबडी शिरली आणि एक डबा साफ केला. मग जुनं मासळीचं जाळं लावलं. एप्रिलमध्ये आठ डबे हिरवे होते. माठ, चवळीचा पाला, मायाळू. पण मे महिन्यात गावचा नळ तीन दिवसांआड आला आणि ताईंनी स्वतःच हिशोब केला. प्रत्येक डब्याला दिवसाला एक तांब्या, आणि प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर. त्यांनी पाच डबे सोडून दिले, तीन जगवले. त्या तीन डब्यांत आठवड्यातून दोनदा एका माणसापुरती भाजी होत होती. ती लेकीच्या ताटात. बाकी दिवशी शेजारच्या शेवग्याचा पाला आमटीत. लोहाच्या गोळ्या चालूच आहेत, त्या बंद करायच्या नाहीत. मेच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा ९.६ निघालं. गोळ्यांनी किती वाढलं आणि भाजीने किती, हे वेगळं काढता येणार नाही. १२ व्हायला अजून वेळ आहे.

आता मिरग तोंडावर आला आहे. ज्या मैत्रिणींना डबे भरायचे आहेत त्यांनी पाला आत्ताच कोरडा गोळा करून ठेवा, एकदा पाऊस लागला की भिजका पाला गोळा होतो आणि सडतो. डबे पागोळ्यांखाली ठेवू नका. पागोळीची धार माती खणून काढते आणि बी वाहून जातं. भोकं बुजली नाहीत ना ते काडी घालून बघत राहा, कारण पावसाळ्यात झाड पाण्यावाचून मरत नाही, पाण्याने मरतं. मेथी-पालक भर पावसात जमत नाही. माठ, मायाळू, भेंडी, चवळी लावा.

श्रावणात डोंबिवलीच्या काकू, कोळसेवाडीच्या वहिनी आणि त्यांच्या ओळखीच्या काही जणी आमच्याकडे येणार आहेत. त्यांना आमचं रान बघायचं आहे. शेवळं तोवर संपलेली असतील, पण टाकळा, कुर्डू, भारंगी आणि कंटोळी दाखवता येतील. आतापर्यंत या भाज्या आम्ही टोपलीत घालून कल्याण स्टेशनबाहेर विकायला नेत होतो, या वेळी घेणाऱ्याच इकडे येत आहेत. जेवण कोणाकडे आणि रानात कोणत्या वाटेने न्यायचं हे पुढच्या बैठकीत ठरवू. तिन्ही गटांच्या मैत्रिणींनी बैठकीला येताना घरच्या गावठी बियांची एक-एक पुडी आणावी, पुडीवर बियाचं नाव आणि ते कोणत्या महिन्यात धरलं ते लिहून. काकूंची पुडी आम्ही वेगळी काढून ठेवली आहे, लाल माठाची.